शून्य टक्क्यांचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या खजिनदारांनी केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



मला सांगितलं गेलं की खजिनदार या नात्याने पंधरा मिनिटं बोला. ताळेबंद वाचायचा असता तर तो वार्षिक सभेत वाचतोच, आणि तेव्हा तुमच्यापैकी निम्मे लोक चहाकडे बघत असतात. म्हणून आज सोसायटीचा नाही, माझ्या घरचा हिशेब मांडणार आहे. विषय आहे बिनव्याजी हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू. दिवाळी तोंडावर आली की पेपर उघडला तरी हेच, मोबाईल उघडला तरी हेच: ‘शून्य टक्के व्याज’, ‘नो कॉस्ट ईएमआय’.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हाही हप्ते होतेच. रंगीत टीव्ही घ्यायचा तर कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढायचो, दोन जामीनदार लागायचे. जामीनदारच विचारायचा, ‘अरे, आहे तो चालतोय ना?’ त्या एका प्रश्नात निम्मी कर्जं तिथेच थांबायची. आज कर्ज दुकानातच पाच मिनिटांत मिळतं. आधार, पॅन, एक ओटीपी, झालं. तो प्रश्न विचारणारा माणूस मात्र मधून निघून गेला.

आता माझी गोष्ट. २०१९चा गुढीपाडवा. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मी टीव्ही बघायला गेलो. बघायलाच. किंमत ४८,००० रुपये. विक्रेता म्हणाला, ‘काका, व्याज शून्य. चार हजारांचे बारा हप्ते, त्यातले चार आत्ता.’ म्हणजे १६,००० तिथेच भरले आणि ३२,००० चं कर्ज, आठ हप्त्यांत. वर फाईल चार्ज वेगळा. मी सही केली. खरं सांगतो, कागदावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मागे रांग होती, आणि वाचत बसलो तर लोक काय म्हणतील असं वाटलं.

हा एकच हप्ता असता तर भाषणाची वेळ आली नसती. पण फ्रिजचा २,५०० चा हप्ता चालू होता, मुलाच्या लॅपटॉपचा ४,५०० चा, मुलीच्या मोबाईलचा १,५०० चा. प्रत्येक वेळी मी मनाशी एवढंच म्हणालो होतो, ‘एवढं तर जमेल.’ चारही एका कागदावर कधी लिहिले नाहीत. लिहिले असते तर बेरीज दिसली असती : महिन्याला १२,५००. ओव्हरटाईम धरून माझ्या हातात ३८,००० यायचे.

त्याच वर्षी वाहन उद्योगात मंदी आली. अंबडमध्ये काम करणाऱ्यांना आठवत असेल. जूनपासून ओव्हरटाईम बंद. हातात २९,००० यायला लागले. हप्ते काही कमी झाले नाहीत. ते पाच तारखेला खात्यातून आपोआप जायचे. मग घरात जे आपोआप जात नाही, ते मागे राहायला लागलं. आणि आपोआप न जाणारी पहिली गोष्ट कोणती? सोसायटीचा मेंटेनन्स.

जून ते ऑक्टोबर, पाच महिने मी मेंटेनन्स भरला नाही. दरमहा १,८०० प्रमाणे ९,००० रुपये. आपल्या पोटनियमांप्रमाणे थकबाकीवर २१ टक्के सरळ व्याज लागतं. नोव्हेंबरमध्ये भरायला गेलो तेव्हा त्याचे ४७२ रुपये ५० पैसे झाले होते. रक्कम मोठी नाही. पण गंमत बघा, शून्य टक्क्याचा हप्ता चुकू नये म्हणून मी एकवीस टक्क्यांनी पैसे वापरत होतो! आणि एवढं करूनही जुलैमध्ये एक हप्ता परत गेलाच. कर्ज देणाऱ्या कंपनीने दंड लावला, बँकेनेही वेगळा लावला.

ऑक्टोबरमध्ये जिन्याजवळच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लागली. तीन नावं होती, त्यात एक माझं. मी ती यादी पाहिलीच नव्हती. आमच्या हिने पाहिली, भाजी घेऊन येताना. घरात आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लिफ्टने जायला लागली, कारण लिफ्टच्या बाजूने गेलं की फलक दिसत नाही. मला हे महिनाभराने कळलं. शेवटी तिची भिशी लागली, त्या पैशांतून थकबाकी भरली. टीव्ही पाहण्याची मजा त्या वर्षी कोणालाच आली नाही.

इथे संपलं असं वाटलं, पण नाही. २०२१ मध्ये मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज मागायला गेलो. बँकेतल्या साहेबांनी माझा सिबिल रिपोर्ट काढला. त्यात जुलैचा चुकलेला हप्ता होताच, शिवाय मोबाईलचं कर्ज अजून ‘चालू’ दिसत होतं. हप्ते सगळे फिटले होते, पण दंडाचे साडेचारशे रुपये बाकी राहिले होते, आणि त्यावर थकीत असा शिक्का. ते भरून, ना-हरकत पत्र मिळवून, नोंद दुरुस्त होईपर्यंत सहा आठवडे गेले. फीची तारीख थांबत नाही. ते पैसे माझ्या धाकट्या बहिणीने दिले. साडेचारशे रुपयांसाठी मी बहिणीपुढे हात पसरला.

त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायचं ठरवलं. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, बिनव्याजी असं काही नसतं. हे मी नाही, रिझर्व्ह बँक म्हणते. १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात तिने बँकांना स्पष्ट सांगितलं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं. त्यानंतर शब्द बदलला, ‘नो कॉस्ट’ आलं. यात बँक व्याज घेतेच. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत देते, म्हणून बेरीज जुळते.

क्रेडिट कार्डाचं उदाहरण घेऊ. टीव्ही ६०,००० चा, पाच हजारांचे बारा हप्ते, बँकेचा दर १५ टक्के धरा. मग प्रत्यक्ष कर्ज होतं सुमारे ५५,४०० चं आणि व्याज सुमारे ४,६०० रुपये. तेवढीच सूट आधी मिळालेली असते. इथपर्यंत ठीक. पण कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या खिशातून : सुमारे ८३० रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर जीएसटीसह २३५. म्हणजे ६०,००० चा टीव्ही ६१,०६५ च्या आसपास पडला. आता त्याच दुकानात ‘रोख देतो, काय कमी करता?’ असं विचारलं आणि त्याने ३,००० कमी केले, तर तो ५७,००० ला मिळत होता. फरक चार हजारांचा. वर्षाच्या दराने काढलं तर हे सुमारे १३ टक्के व्याज झालं. कुठे गेलं शून्य?

याचा अर्थ हप्त्यांवर कधीच घेऊ नका असा नाही. मागच्या वर्षी आमचा नवा फ्रिज मी हप्त्यांवरच घेतला. कारण दुकानदार रोखीत एक रुपया सोडायला तयार नव्हता, शुल्क किरकोळ होतं, आणि फ्रिजचे पूर्ण पैसे माझ्या खात्यात आधीच होते. पैसे असताना हप्ता घेणं ही सोय आहे. पैसे नाहीत म्हणून हप्ता घेणं हे कर्ज आहे. दुकानात दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. आधी रोखीची किंमत विचारा, हप्त्याचं नंतर बोला. मग एकूण किती भरणार ते लिहून घ्या : हप्ते, फाईल चार्ज, जीएसटी, आणि न विचारता जोडलेली वाढीव वॉरंटी किंवा विमा, हे सगळं धरून. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिल्या जाणाऱ्या अशा नव्या कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. क्रेडिट कार्डाला हा नियम नाही, तिथे तुम्हालाच विचारावं लागेल. तो आकडा वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका. रांग थांबेल.

हप्त्याची तारीख पगारानंतरची घ्या. वस्तू परत केली तर कर्जही रद्द झालं का ते वेगळं विचारा. ते आपोआप होतंच असं नाही. कर्ज फिटलं की ना-हरकत पत्र मागा. आणि वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. चूक असेल तर तक्रार करा, ३० दिवसांत निवारण झालं नाही तर आता दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

सोसायटीतही आपण हेच केलं. यंदा सीसीटीव्हीचं कोटेशन आलं : १,८०,००० रुपये, वीस हजारांचे नऊ हप्ते, व्याज शून्य. समितीतले काही जण म्हणाले, छानच आहे. मी विचारलं, ‘एकरकमी दिले तर?’ १,६८,००० वर आला. आपली मुदत ठेव मोडल्याने पाचेक हजारांचं व्याज बुडालं, पण बारा हजार वाचले. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने एकरकमी दिले.

शेवटचं एक. २०१९ मध्ये त्या यादीखाली सही होती आपल्या तेव्हाच्या सेक्रेटरी काकांची. मी पैसे भरायला गेलो तेव्हा त्यांनी पावती फाडली, आणि म्हणाले, ‘नाव लावलं याचा राग धरू नकोस. पण अडचण होती तर सांगायचं होतंस, दोन महिने थांबलो असतो.’ मी सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटली. दोन वर्षांनी त्यांनीच माझं नाव खजिनदारपदासाठी सुचवलं. म्हणाले, ‘याला थकबाकी म्हणजे काय ते माहीत आहे.’ काका आज आपल्यात नाहीत.

तेव्हा यंदा दिवाळीत काही घ्यायचं असेल आणि हिशेब कळत नसेल, तर कागद घेऊन माझ्याकडे या. रविवारी सकाळी दहा ते अकरा मी ऑफिसात असतो. आणि हप्ते जड जात असतील तरीही या, नाव फलकावर लागायच्या आधी. पतपेढीचे जामीनदार आता उरले नाहीत. पण ‘आहे तो चालतोय ना?’ हे विचारायला शेजारी तर आहेत.