कोरी जमीन

‘ग्रीनफिल्ड’ हा शब्द ऐकून मला आधी हसूच आले. २०१६ साली नाशिक स्मार्ट सिटीच्या यादीत आले आणि मखमलाबाद-हनुमानवाडीच्या सुमारे ७५० एकरांवर नवे नगर वसवायचे घाटू लागले. घरे, बाजारपेठ, कचेऱ्या, रुंद रस्ते. ग्रीनफिल्ड म्हणजे म्हणे कोरी जमीन. इथे तर द्राक्षबागा उभ्या!

नगररचना परियोजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते-मैदानांपुरती काढून घेतात आणि उरलेल्याचे भूखंड पाडून मालकांना परत देतात. क्षेत्र घटते, भाव चढतो. काहींना हे पटले, अनेकांनी कडाडून विरोध केला. मी दोघांनाही वेडे म्हणणार नाही. पुण्याच्या मगरपट्ट्यात चारशेवर एकरांत नगर उभे राहिलेच की. पण तिथे कंपनीच शेतकऱ्यांची होती.

अभियान मार्च २०२५ मध्ये संपले, मखमलाबादचे ते नगर काही वसले नाही. मात्र तेव्हा सारी चर्चा झाली ती सातबाऱ्यावरच्या नावांची. छाटणीला, विरळणीला येणाऱ्या बायांचे नाव कुठल्या सातबाऱ्यावर असते? त्यांच्या पदरात ना भूखंड पडला असता, ना चढा भाव. बागा गेल्या असत्या, तर सकाळी डबा घेऊन त्यांनी कुणाच्या बांधावर जायचे होते?