पाणी दिलेले पोलाद आणि त्याचा सांधा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलवावे आणि विषय मोटारीच्या सांगाड्याचा द्यावा, याचे प्रथम माझ्या घरीच हसू झाले. माझे शाळेचे शिक्षण नववीत संपले. पुढे जे शिकलो ते कारखान्यात पाळी सुटल्यावर, आणि जुन्या बाजारात घेतलेल्या पुस्तकांतून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. माझ्या हाताखालून गेलेली गोष्ट तेवढी मी सांगणार आहे.

आपल्या कळंब्यात ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना पोलादाला पाणी देणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. लोहार विळा लाल करतो, पाण्यात बुचकळतो, आणि धार टणक होते. तोच विळा चुलीत पडला की पाणी उतरते. मग त्याने वैरणही धड कापली जात नाही. आजच्या मोटारीत पुढच्या आणि मागच्या दारांमध्ये जो खांब असतो, तो पुष्कळदा याच रीतीने करतात. पोलादात थोडा कार्बन, थोडे मँगेनीज आणि चिमूटभर बोरॉन असते. हा पत्रा ९०० अंशांच्या वर तापवायचा आणि आतून पाणी खेळवलेल्या साच्यात दाबून तिथेच निववायचा. आकार आणि पाणी, दोन्ही एकाच दाबात. साध्या पत्र्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची पट्टी ३० किलोच्या आसपास वजन टांगले की तुटते. ५० किलोचे साखरेचे एक पोतेही तिला पेलत नाही. या पोलादाची तेवढीच पट्टी तीन पोती तोलून धरते!

म्हणून पत्रा पातळ करता येतो, गाडी हलकी होते, तेल वाचते. परंतु तेल हा अर्धाच हिशेब झाला. २०१४ च्या जानेवारीत भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आदळून पाहिल्या गेल्या. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या बचावाबद्दल शून्य तारे मिळाले. त्यांत हवेच्या पिशव्या नव्हत्या हे खरे, पण काहींचा सांगाडाही तग धरू शकला नाही. पुढे ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्यांना समोरून आणि बाजूने धडक देण्याची चाचणी सक्तीची झाली. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात विकण्यासाठी भारतातच बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. शून्य ते पाच, आणि मध्ये पुरती पाच वर्षेही नाहीत.

आता मुख्य अडचण. नुसता खांब भक्कम असून भागत नाही. तो छताला आणि तळाला जोडावा लागतो. एका मोटारीत असे तीन ते पाच हजार ठिपके असतात. आम्ही त्याला 'स्पॉट मारणे' म्हणतो. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये चिमटीत धरायचे आणि आठ-दहा हजार अँपिअर वीज सेकंदाचा पाचवा भाग सोडायची. मधला भाग वितळतो आणि गोठून मसुराएवढा दाणा होतो. ही युक्ती एलिहू थॉमसन या अमेरिकेतील गृहस्थांच्या एकोणिसाव्या शतकातील शोधातून आली.

साध्या पत्र्याला हे सोसते. पाणी दिलेल्या पत्र्याचे मात्र चुलीतल्या विळ्यासारखे होते. दाणा वितळून झटकन निवतो, म्हणून तो टणक राहतो. दाण्याभोवतीचे कडे वितळत नाही, नुसते तापते. तिथले पाणी उतरते. म्हणजे जो खांब तीन पोती तोलतो, त्याच्या अंगावर प्रत्येक स्पॉटभोवती एक मऊ अंगठी तयार होते, आणि धडकेत फाटायला सुरुवात बहुधा तिथून होते. जाणते अभियंते म्हणून स्पॉटची जागा ताण कमी असेल तिथे धरतात, किंवा सांध्यात चिकट रसायनही भरतात, म्हणजे सारा भार ठिपक्यांवर येत नाही.

दुसरा शत्रू जस्त. गंजू नये म्हणून पुष्कळ पत्र्यांवर ते चढवलेले असते, आणि ते ४१९ अंशांतच वितळते. ते तांब्यात मुरून टोकावर पितळ होते, टोक बोथट होऊन पसरते. मग तीच वीज जास्त जागेवर वाटली जाते आणि दाणा लहान पडतो. काही जोरकस पोलादांत तर वितळलेले जस्त ताणाखाली आत शिरून चीर पाडते. वरून पाहिले तर स्पॉट छान गोल! खरे काय ते छिन्नीने फोडल्यावर कळते. जाडीच्या वर्गमुळाची पाचपट, असा ठोकताळा आहे, १.४४ मिलिमीटरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरचा दाणा हवा.

आमच्या कारखान्यात एकदा छिन्नी लावली तेव्हा दाणे चारचेच निघाले. कंत्राटावरच्या एका मुलाला त्याच दिवशी घरी पाठवले. मी तावातावाने साहेबांपुढे उभा राहिलो : दोष टोकांचा आहे, पोराचा नाही! साहेबांनी काही न बोलता आमचाच करार पुढे ठेवला. नगावर बक्षीस ही मागणी युनियनची होती, सही माझी होती. टोक तासायला यंत्र थांबवले की नग कमी होतो, आणि नग कमी झाला की बक्षीस बुडते. पोराने आमच्याकडे पाहूनच टोक तासणे सोडले होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या करारात टोक तासण्याची मिनिटे पाळीच्या कामात धरून घेतली. त्यासाठी बक्षिसाचा दर खाली आणावा लागला, आणि सभेत मला शिव्याही खाव्या लागल्या. त्या मुलाला परत घ्या, ही मागणी साहेबांनी मान्य केली, पण तो काही आला नाही. चाकणला कुठेसे यंत्रमानवांच्या रांगेत तांब्याची टोके बदलण्याच्या कामावर लागला, असे त्याच्या आईने सांगितले.