एक चूल, अनेक घरें

हिंवाळ्यांत भामरागडच्या रानांत उजाडल्याची पहिली खूण दिसते ती धुराची. झोंपडीझोंपडींतून निळसर रेघा वर चढूं लागतात. अंगणांत शेकोटीभोंवतीं मुलेंबाळें अंग चोरून बसलेलीं असतात, आणि आंत चुलीवर पेज रटरटत असते. दुरून पाहणाऱ्यास हा धूर रमणीय वाटतो. परंतु त्याच्या मागें रानांतून डोक्यावर वाहून आणलेली मोळी असते, ती वाहणारी बाई असते, आणि तिच्या डोळ्यांतलें पाणीही असतें. प्रत्येक घरानें आपली चूल पेटवून आपल्यापुरती ऊब मिळवावी, हा फार जुना शिरस्ता आहे. त्याला दुसरा मार्ग आहे काय, आणि तो अशा वनप्रदेशाला कितपत मानवेल, हा आजचा विषय.

पाण्याच्या बाबतींत शहरांनीं असा दुसरा मार्ग केव्हांच पत्करला. घरोघरचा आड गेला, आणि एका तळ्याचें पाणी नळानें सर्वांच्या दारीं आलें. उष्णताही अशीच नळानें वांटतां येते. फ्रान्समधील शोद-एग या गांवीं जमिनींतून सुमारें ८२ अंश उष्णतेचें पाणी आपोआप वर येतें. चौदाव्या शतकांतच तेथील लोकांनीं तें लांकडी नळ्यांतून घरांत नेलें. आइसलंडच्या रेक्याविक शहरानें १९३० सालीं सुमारें ३ किलोमीटरवरील उन्हाळ्याचें पाणी शहरांत आणून शाळा, रुग्णालय व कांहीं घरें उबदार केलीं. पुढें इतर थंड देशांतील अनेक शहरांनीं ही योजना उचलली. पण तिच्या मुळाशीं बऱ्याच ठिकाणीं कोळसाच जळत राहिला. अर्थात् धूर घरांतून नाहींसा झाला, तरी जगांतून नाहींसा झाला नाहीं.

हा दोष दूर करण्याचा प्रयत्न डेन्मार्कमधील मार्स्टाल या छोट्या गांवानें केला. तेथें १९९६ पासून सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविण्याची योजना वाढत गेली. २०१२ च्या सुमारास तेथील सूर्यपट्टांचें क्षेत्र सुमारें ३३,००० चौरस मीटर झालें, आणि ७५,००० घनमीटरांचा एक झांकलेला हौद खणण्यांत आला. उन्हाळ्यांत तापविलेलें पाणी या हौदांत सांठवून हिंवाळ्यांत वापरावयाचें, आणि उणें पडेल तें लांकडाच्या तुकड्यांच्या भट्टीनें व उष्णता उपसणाऱ्या पंपानें भरून काढावयाचें, असा हा हिशेब आहे. ऊन हें मुख्य भांडवल आणि लांकूड ही राखीव शिल्लक, हें या रचनेचें सूत्र होय. मोठा हौद कां, असा प्रश्न कोणास पडेल. हौदाची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर पाणी आठपट मावतें. परंतु ज्या पृष्ठभागांतून उष्णता निसटते, तो केवळ चौपट होतो. म्हणून लहान कळशी तासाभरांत निवते, आणि हौद महिनोंमहिने ऊब धरून राहतो.

महाराष्ट्रांत घरें तापविण्याची गरज नाहीं. पण एका जागीं मिळविलेली उष्णता नळानें वांटण्याचा प्रयोग येथेंही झालेला आहे. शिर्डीस साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ सालीं प्रत्येकी १६ चौरस मीटरचे ७३ परावर्तक बसविण्यांत आले. सूर्याबरोबर फिरणारे हे आरसे ऊन एकवटून पाण्याची वाफ करतात, आणि ती वाफ नळ्यांतून खालच्या मुदपाकखान्यांत जाऊन हजारों माणसांचें अन्न शिजविते. लातूरच्या दुग्धालयांतही दूध निर्जंतुक करण्यासाठीं असाच एक भव्य परावर्तक उभारला गेला.

आतां भामरागडकडे वळूं. पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या तीन नद्या जेथें एकत्र येतात, तेथें हा माडिया गोंडांचा मुलूख आहे. येथील पाडे लहान, घरें विरळ, आणि दोन पाड्यांमध्यें दाट अरण्य. उष्णतेच्या नळाचा पहिला नियम असा कीं, घरें जितकीं दूर, तितकी ऊब वाटेंतच मातीला द्यावी लागते. तेव्हां मार्स्टालची नक्कल करून पाड्यापाड्यांत नळ टाकणें हा पैशाचा व उष्णतेचा निव्वळ अपव्यय ठरेल. तेथें कमी लांकूड खाणारी व धूर बाहेर सोडणारी चूल हाच खरा उपाय.

परंतु याच तालुक्यांत अशीही आवारें आहेत कीं, जेथें शेंकडों माणसें एकत्र राहतात. हेमलकसा येथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं वाढविलेल्या लोकबिरादरी प्रकल्पांत दवाखाना व निवासी शाळा शेजारीं शेजारीं नांदतात. आश्रमशाळा तर या प्रदेशांत ठिकठिकाणीं आहेत. स्वयंपाकाची वाफ, स्नानाचें पाणी, बाळंतिणीला शेक, शस्त्रक्रियेच्या हत्यारांचें निर्जंतुकीकरण, या साऱ्या गरजा अशा आवारांत हाकेच्या अंतरावर असतात. नळाची योजना शोभेल ती येथेंच.

तिचा हिशेब कठीण नाहीं. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. दोनशें मुलांना प्रत्येकी पांच लिटर ऊन पाणी द्यावयाचें, म्हणजे हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचें. त्यास ३५,००० किलोकॅलरी हव्यात. किलोभर वाळल्या लांकडांत सुमारें साडेतीन हजार किलोकॅलरी असतात; परंतु तीन दगडांच्या चुलींत त्यांचा दहावा हिस्साच भांड्याला लागतो, असें धरल्यास रोज शंभर किलो लांकूड जाळावें लागेल. शेंकडा सत्तर उष्णता पकडणाऱ्या बंद भट्टींत तेंच काम चौदा-पंधरा किलोंत होईल. आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीं सोळा-सतरा चौरस मीटरचे सूर्यपट्ट असले, तर एक काडीही जाळावी लागणार नाहीं. शंभरावरून पंधरावर आणि पंधरावरून शून्यावर येणारा हा आंकडा म्हणजेच रानांतील उभीं झाडें, आणि मोळी वाहणाऱ्या माणसांचे वांचलेले कष्ट.

खरी परीक्षा आहे ती पावसाळ्याची. आषाढ-श्रावणांत दिवसेंदिवस सूर्य दिसत नाहीं. पर्लकोटेला पूर आला कीं रस्ता बंद होतो, आणि बाहेरून तेल किंवा गॅसचीं नळकांडीं येतील या भरंवशावर राहतां येत नाहीं. म्हणून राखीव भट्टी आवारांतच हवी, मृगापूर्वींच कोरडें सरपण व भाताचा तूस छपराखालीं भरून ठेवलेला हवा, आणि हौद, भट्टी व नळ पुराच्या रेषेहून उंच बसविलेले हवेत. वीज खंडित झाली तरी पाणी फिरत राहावें, यासाठीं हौद सूर्यपट्टांच्या वर ठेवावा. तापलेलें पाणी हलकें होऊन आपणच वर चढतें. दुरुस्तीसाठीं जेथें दूरच्या शहराची वाट पाहावी लागते, तेथें साधेपणा हाच मोठा गुण.

एक प्रश्न मात्र यंत्रज्ञाच्या कक्षेबाहेरचा आहे. हें राखीव सरपण कोणाचें? २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवांच्या सामूहिक वनहक्कास मान्यता दिली, आणि याच जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवानें २००९ सालीं तो हक्क मिळवून दाखविला. तेव्हां भट्टीला किती लांकूड द्यावयाचें, तें वाळलेलें कीं उभें, आणि त्याचा मोबदला काय, हें ग्रामसभेनेंच ठरविलें पाहिजे. तसें न झाल्यास, घरोघरच्या शंभर चुलींपेक्षां एक मोठी भट्टी अरण्य अधिक लौकर गिळील; कारण तिची भूक कोणाच्याच डोक्यावरील मोळीनें मोजली जात नाहीं.

चूल एक झाली म्हणजे सोय वाढते, तशीच जबाबदारीही वाढते. घरची चूल विझली तर एक घर उपाशी राहतें. सर्वांची चूल विझली तर सारें आवार उपाशी राहतें. म्हणून ती उभारण्यापूर्वीं तिची राखण कोण करणार, हें ठरलेलें असावें. तें ठरलें, म्हणजे भामरागडच्या एखाद्या शाळेंत हिंवाळ्याच्या पहांटेस मुलांना ऊन पाणी मिळेल. आणि त्या पहांटेस आकाशांत धुराची रेघ दिसणार नाहीं.