राजाबाईचा टॉवर आणि आपल्या मुलींची फी

(वसईतील बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे एक भाजीवाली बाई मुलीच्या प्रवेशाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. अनुदानित तुकडी भरली होती, विनाअनुदानित तुकडीची फी कितीतरी पट. ती म्हणाली, "ताई, कॉलेज तेच, बाकं तीच. मग पैसे जास्त का?" या प्रश्नासाठी थोडं मागे जाऊ.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानावर गेलं की विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. राजाबाई ही शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांची आई. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शेअरच्या सट्ट्यात उतरला. त्या भरात १८६४ साली प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि टॉवरसाठी २ लाख रुपये दिले. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंदांसकट कित्येकजण बुडाले. वडाच्या झाडाखाली सौदे करणाऱ्या दलालांनी १८७५ साली संघटना बांधली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्याला नाव बाईचं, पण या विद्यापीठाने मुलींना पदवीची वाट मोकळी केली ती १८८३ साली!

देणगीदाराचं नाव दगडावर राहतं. कर भरणाऱ्याचं कुठेच नसतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमकं हेच मांडलं: महसूल भरते कष्टकरी रयत आणि सरकार खर्च करतं वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मुलींच्या शाळांकडे लक्ष द्या, अशी त्यांची मागणी होती.

आता त्या भाजीवालीचं उत्तर. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, विनाअनुदानित तुकडीत तो मुलींच्या फीमधून निघतो. केंद्रीय संस्थांना इमारतींसाठी अनुदानाऐवजी कर्ज देणारी कंपनी केंद्र सरकारने २०१७ साली काढली. ती पैसा बाजारातून उभा करते. कर्ज फेडायचं म्हटलं की फीवर डोळा जातोच.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत गेली. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारा: प्रवेश कुठल्या कोट्यातला? तुकडी अनुदानित का? आणि पावती मागाच.

आपण काडेपेटी घेतली तरी कर भरतो. तेव्हा मुलीचं शिक्षण मागताना आपण कुणाचं दान मागत नाही, आपल्याच पैशाचा हिशोब मागतो. तो एकटीने मागायला भीती वाटते. पुढच्या प्रवेशाच्या वेळी दहाजणी मिळून जाऊ.