बुडालेली रोजी आणि कबड्डीचा हंगाम



मागच्या दोन वेळा आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज मी कबड्डीवर बोलणार आहे. हसू नका बरं. कबड्डीतही शेवटी पैशाचाच हिशोब निघतो, आणि तो आपल्या पोरींच्या नावावर निघतो.

टीव्हीवरची प्रो कबड्डी तुम्ही पाहिली असेल. नसेल पाहिली तर घरातल्या पोरांमुळे तुमची मालिका बुडाली म्हणून तरी ती माहीत असेल. 2014 साली ती सुरू झाली. तिचा दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 ला अहमदाबादला सुरू झाला आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादला संपला. म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणी सुरू असते ना, नेमके तेच महिने. संघ 12, आणि साखळीत प्रत्येक संघाचे 22 सामने. त्या वर्षी आपल्या महाराष्ट्राचा पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेता झाला. अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं. कर्णधार होता अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला पोरगा.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची गुणांची वही. जिंकलं तर 5 गुण, बरोबरी झाली तर 3. हरलात, पण 7 किंवा त्याहून कमी फरकानं हरलात, तर 1 गुण. पलटणनं 22 पैकी 17 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले, 2 हरले. 17 पंचे 85, 3 त्रिक 9, झाले 94. आणि दोन्ही हारी थोडक्यात झालेल्या, म्हणून आणखी 2. एकूण 96, तक्त्यात पहिला नंबर. आपल्या गटाच्या सचिवानं लिहावा तसा हा हिशोब आहे. हरतानाही लोळण घ्यायची नाही, शेवटच्या मिनिटापर्यंत फरक कमी करत राहायचा, कारण तो एक गुण जमेला लागतो.

त्याच हंगामाच्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सनं त्याला 2 कोटी 60 लाखांवर रक्कम मोजून घेतलं. खेळाडू तो उत्तमच आहे. पण टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून शेवटच्या नंबरवर राहिले. पलटणनं मात्र तरुण पोरं धरून ठेवली, वर्षानुवर्षं एकत्र खेळवली, पोसली. एक मोठी म्हैस आणून दुधाचा धंदा होत नाही, हे आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

या लीगमधल्या पोरांना खेळायचा पगार मिळतो. त्या लिलावात सगळ्यात खालच्या गटाची बोलीसुद्धा 9 लाखांपासून सुरू झाली होती. सकाळी सरावाला गेलं म्हणून त्यांच्या घरी कोणी म्हणत नाही की आज रोजी बुडाली.

आता एक लांबची गोष्ट सांगते. लांबची आहे, पण आपल्या कापसाला लागून आहे. आपली शकुंतला रेल्वे, यवतमाळ ते मूर्तिजापूर, ती इंग्रजांच्या कंपनीनं कापूस न्यायला बांधली. इथला कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून थेट इंग्लंडच्या गिरण्यांकडे. त्या गिरण्या इंग्लंडच्या उत्तर भागात, मँचेस्टरच्या आजूबाजूला. तिथले गिरणी कामगार आणि कोळसा खाणीतले मजूर रग्बी खेळायचे. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत धरून पळायचं, आणि समोरच्यानं त्याला कवळ्यात धरून पाडायचं. थोडी आपली कबड्डीच, फक्त चेंडू घेऊन.

हे लोक शनिवारीसुद्धा कामावर असायचे. लांबच्या गावी सामना असला की खाडा पडायचा, मजुरी कापली जायची. तिथल्या संघांनी 1893 साली खेळाच्या मोठ्या मंडळाकडे मागणी केली की बक्षीस नको, पगार नको, फक्त बुडालेली मजुरी भरून देऊ द्या. मंडळावर घरचे सुखवस्तू लोक होते. ते म्हणाले, खेळ हौसेचा असतो, त्यात पैसा आणू नका. ज्याच्या घरी शनिवारच्या मजुरीवाचून चूल अडत नाही त्याला असं बोलायला काय जातं? मागणी फेटाळली. मग 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्ड नावाच्या गावातल्या एका हॉटेलात उत्तरेकडचे संघ जमले आणि त्यांनी आपलं वेगळं मंडळ काढलं. नियम केला की सामन्यामुळे काम बुडालं तर दिवसाला 6 शिलिंगपर्यंत भरपाई. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ उभा राहिला. आज त्याची सुपर लीग आहे, फेब्रुवारीपासून शरद ऋतूपर्यंत चालणारा हंगाम आहे, हजारो लोक तिकीट काढून बघतात. सुरुवात मात्र खाड्याच्या पैशापासून झाली.

बायकांना तिथंही उशीर झाला, हेही सांगून टाकते. बायकांची सुपर लीग 2017 मध्ये सुरू झाली, आणि काही संघांनी खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली ती 2023 मध्ये.

आपल्याकडे काय झालं? 2016 साली प्रो कबड्डीच्या जोडीला बायकांची एक स्पर्धा घेतली होती. तीन संघ. त्यातल्या आइस दिवाजची कर्णधार आपली महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे, अर्जुन पुरस्कार मिळालेली. अंतिम सामना 31 जुलैला हैदराबादला झाला, आणि स्टॉर्म क्वीन्सनी फायर बर्ड्सना 24-23 असं एका गुणानं हरवलं. एका गुणानं! यापेक्षा चुरशीचं काय हवं होतं? तरी पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. पोरांचे हंगामावर हंगाम होत गेले.

आता आपल्या गावाकडे या. माझ्या ओळखीतली एक पोरगी अकरावीत आहे. नाव सांगत नाही. चढाईला गेली की दोघींना मारून येते. डिसेंबर-जानेवारीत तिला सामन्याला बोलावणं येतं, आणि नेमकी तेव्हाच वेचणी जोरात असते. आठ-दहा रुपये किलोनं दिवसाला तिचे तीनशे होतात. तिची आई मला म्हणाली, "ताई, मी कुठं नाही म्हणते? पण दोन दिवसाचे सहाशे तुम्ही देसान का?" मी त्या माउलीला काय उत्तर देणार? तिचा प्रश्न 1893 सालच्या गिरणी कामगाराचाच आहे.

पोरी दहावीनंतर कबड्डी सोडतात तेव्हा आपण म्हणतो की घरच्यांनी अडवलं, लोक बोलतात. तेही आहेच. पण पुष्कळ घरात आधी रोजी अडवते. आणि नुकसान साधं नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी मोठ्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं. वर्षात एक दिवस शाळेच्या सामन्यात खेळून तिथवर कोणी जात नाही. हंगाम लागतो, पुन्हा पुन्हा खेळणं लागतं.

म्हणून मी एक हिशोब मांडते, पेन घ्या. चार गावं. प्रत्येक गावाचा 12 पोरींचा संघ. प्रत्येक गाव बाकीच्या तिघांशी दोनदा खेळेल, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. म्हणजे एका संघाचे 6 सामने, त्यातले 3 बाहेरगावी. गावातला सामना वेचणीवरून आल्यावर संध्याकाळी, त्याचा खाडा नाही. बाहेरचे 3 दिवस बुडतील. 12 पोरी, 3 दिवस, 300 रुपये, एकूण 10,800. आता ज्या गावात 15 गट आहेत, तिथं बाया झाल्या दीडशे. प्रत्येकीनं महिन्याला 12 रुपये, सहा महिने. करा गुणाकार. 10,800 च येतात. बचतीला हात लावायचा नाही, कर्जाच्या पैशाला तर नाहीच. वेगळी वही, वेगळी पेटी. गाव लहान असेल तर संघ दहाचा करा.

पैसे पोरीच्या आईच्या हातात त्याच संध्याकाळी द्यायचे, सही घेऊन. "नंतर देऊ" म्हटलं की पुढच्या सामन्याला पोरगी येत नाही.

कपड्यांचं विचाराल तर 2018 च्या आशियाई स्पर्धेची गोष्ट सांगते. जकार्तात इराणच्या पोरींनी डोकं झाकून, पूर्ण बाह्या घालून खेळून आपल्या भारताच्या संघाला 27-24 असं हरवलं आणि सुवर्णपदक नेलं. त्यांना शिकवणारी बाई कोण? आपल्या महाराष्ट्रातल्या नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा हाफ पँट घाला नाहीतर पूर्ण पँट, चढाईला फरक पडत नाही. तो वाद मिटिंगमध्ये अर्धा तास चालवू नका.

मैदानाचं जरा कठीण आहे. आपली काळी माती वाळली की दगड होते आणि गुडघे सोलून निघतात. मॅट आपल्याला परवडणार नाही. जागा खोदून, माती चाळून, पाणी मारून, वर भुसा टाकून घ्यावी लागेल. सामन्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाणी. पोरींना कपडे बदलायला आडोसा आणि संडास जवळ असेल अशीच जागा निवडा, म्हणून शाळेचं मैदान बरं. आणि परतताना पोरींबरोबर गटातल्या दोन बाया गाडीत असायलाच हव्यात.

वेचणी सुरू व्हायला अजून वेळ आहे. येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, बारा रुपयांवर हात वर करून मत घ्या, आणि ठराव वहीत लिहा. ज्या गावांचा होकार येईल त्यांनी पोरींची नावं आणि वयं ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडे द्यावीत. चार गावं झाली की आपण वेळापत्रक बनवायला बसू. तीनच आली तर तीन गावांचं बनवू.