मुलाच्या मापाची घडीची खुर्ची



कुरआन शरीफ ठेवायची रेहल पाहा. एकाच फळीतून कोरलेली. उघडली की उभी, मिटली की सपाट. मुलांची खुर्चीही अशीच मिटणारी असावी. १९०७ साली रोममध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी बालकांना स्वतः उचलता येईल असे हलके सामान दिले. सोलापुरातील एका खोलीच्या घरातही हे जमेल.

दोन लाकडी चौकटी कैचीसारख्या जोडाव्यात. एक पाठ टेकण्याइतकी उंच. बैठकीला आपल्या मागावरचे जाड सुती कापड ताणावे. बैठकीची उंची मुलाच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत मापावी, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. सांध्यात बोट चेंगरणार नाही, याची खात्री करावी.

अभ्यासानंतर मुलाने, तसेच मुलीनेही, ती स्वतः मिटून ठेवावी. जागा लहान असली तरी घरात शिक्षणाला जागा हवीच.