डोहाळजेवणाचे निमंत्रण कसे लिहावे?

(मंडळाच्या अँटॉप हिल येथील कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्त्या, वसतिगृहनिधी, वधूवर सूचना अशा भारदस्त विषयांच्या रांगेत डोहाळजेवणाच्या निमंत्रणाचे नाव वाचून काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटले, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. तथापि गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याच कुटुंबांतून आमच्याकडे जी निमंत्रणे आली, ती वाचून या विषयावर चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटले.

लग्नाच्या व मुंजीच्या पत्रिकेचा मसुदा ठरलेला असतो. नावे व तिथी बदलली की काम झाले. डोहाळजेवणाला असा ठरीव मसुदा कधी नव्हताच, कारण हे बोलावणे तोंडी असे. गिरगावात काय किंवा परळ-लालबागेत काय, घरातील दोघी जणी हळदकुंकवाची कुयरी घेऊन चाळीतल्या दारोदार जात आणि ‘उद्या आमच्याकडे ओटभरण आहे, यायचं हं’ एवढे सांगून पुढच्या दाराशी वळत. त्याआधीची चोरओटी तर नावाप्रमाणेच गुपचूप. तिला निमंत्रण कसले? आता सोयरे बदलापूर-विरारपासून पुण्या-नाशिकपर्यंत पांगलेले. तेव्हा गिरगावात खाडिलकर मार्गावरील दुकानांत पत्रिका छापून येते किंवा भाचा भ्रमणध्वनीवर एक रंगीत चित्र तयार करतो. मसुदा नसल्यामुळे लग्नपत्रिकेचीच भाषा उचलली जाते, आणि तेथेच घोटाळा होतो.

नमुना पाहा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे चिरंजीव अमुक यांच्या सौभाग्यवतीचे डोहाळजेवण योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून आम्हांस उपकृत करावे.’ पाकिटावर नाव यजमानांचे! ज्यांनी ओटी भरावयाची त्या गृहिणी ‘कुटुंब’ या एका शब्दात सामावल्या, आणि जिचे डोहाळे पुरवावयाचे तिचे नाव मजकुरात आलेच नाही. आजोबा, आजी, काका, आत्या, चिमुकली पुतणी, सर्वांची नावे आली. गर्भारशी तेवढी राहिली.

वास्तविक हा सोहळा तिचा. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दाचा वंशज. गर्भिणीच्या देहात दोन हृदये वास करतात, म्हणून तिची इच्छा मोडू नये, असे आपल्या प्राचीन वैद्यांनी सांगून ठेवले आहे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी लज्जेने काही मागत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो की हिला काय हवे आहे. मग आपल्या पत्रिकेत तिचे नाव ठळक का असू नये? माहेरचे नाव लिहावयाचे की सासरचे, हे तिलाच विचारावे. आणि माहेरच्या मंडळींनाही निमंत्रकांत स्थान द्यावे.

आता अधिक अवघड शब्दाकडे वळतो. तो म्हणजे ‘सुवासिनी’. ‘सर्व सुवासिनींनी अवश्य यावे’ असे लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. परंतु आमच्या पाहण्यातील एका घरी मुलीची आई अकाली विधवा झालेली. तिने नोकरी करून, शिकवण्या घेऊन मुलीला वाढविले. मुलीच्या डोहाळजेवणाची पत्रिका आली ती या ओळीसह. आई आली खरी, पण दिवसभर स्वयंपाकघरात भजी तळत राहिली. झोपाळ्यापाशी आली नाही. तिला कोणी ‘येऊ नका’ म्हटले नव्हते. पत्रिकेने ते आधीच सांगून टाकले होते.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. एक खेडे हे करू शकले. आम्ही मुंबईकरांनी पत्रिकेतील एक शब्द बदलावयाचा आहे. ‘सर्व भगिनींनी’ असे लिहावे, आणि पाकिटावर ‘सौ.’, ‘गं. भा.’ अशी वर्गवारी न करता नुसते नाव व त्यापुढे ताई, काकू, मावशी असे नात्याचे पद जोडावे. एप्रिल 2023 मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द शासकीय पातळीवर सुचविला गेला, तेव्हा केवढी टीका झाली हे आपणांस ठाऊक आहेच.

जिला मूल नाही, किंवा जिचे मूल नुकतेच गेले आहे, अशा भगिनीला बोलवावे की नाही, या संकोचात तिला वगळले जाते, आणि ही खबर तिला दुसऱ्याकडून कळते. आमचे मत असे की तिला छापील पत्रिका पाठवू नये. घरी जावे, नाही तर दूरध्वनी करावा, आणि ‘तुम्ही आलात तर आम्हांला फार आवडेल, नाही जमले तरी आम्ही समजू’ असे स्पष्ट बोलावे. न येण्याची मोकळीक दिलेले बोलावणेच तिच्या उपयोगाचे.

पुत्राचा विषयही काढावाच लागतो. ‘वंशाचा दिवा’, ‘बाळकृष्णाचे आगमन’, ‘पुत्ररत्नाची प्रतीक्षा’ हे शब्द अजून पत्रिकांत येतात. पुंसवन संस्कारात पुत्राची कामना होती हे खरे. डोहाळजेवणाला ती जोडण्याचे कारण नाही. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांआधी केला, आणि 1994 साली केंद्राचा कायदा झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे आपल्या राज्यात मुली 1991 साली 946, 2001 साली 913 आणि 2011 साली 894 होत्या. या आकड्यांत आपल्या ज्ञातीची घरे नाहीत, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? झाकलेल्या वाट्यांतला पेढा-बर्फीचा खेळ खुशाल खेळावा. बर्फी निघाली म्हणून कोणी चुकचुकले नाही म्हणजे झाले. परदेशस्थ नातलगांकडे निळा-गुलाबी केक कापून मुलगा की मुलगी ते जाहीर करतात. त्यांच्या पत्रिकेची नक्कल येथे करू नये. येथे गर्भाचे लिंग सांगणे हाच गुन्हा आहे.

किरकोळ वाटणाऱ्या, पण पाहुण्यांना घाम फोडणाऱ्या काही बाबी राहिल्या. ‘डोहाळजेवण’ लिहिले की माणूस घरून उपाशी निघतो. चहा-फराळच असेल तर ‘ओटीभरण व अल्पोपाहार’ असे लिहावे. वेळ ‘4 पासून’ न लिहिता ‘4 ते 7’ लिहावी. सातव्या महिन्यातील मुलीला फुलांची वाडी घालून चंद्रावर नि होडीत किती वेळ बसवून ठेवणार? ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ या वाक्याचा स्वर नोटिशीचा आहे, शिवाय ओटीचा खण-नारळ आणावा की नाही हेही त्यातून कळत नाही. ‘ओटीखेरीज काही आणू नये, ही विनंती’ एवढे पुरे.

पत्त्याचे तर विचारूच नका. येथील केंद्र सरकारी वसाहतीत इमारती एकसारख्या आणि सेक्टर अनेक. सेक्टर, इमारत व खोली हे तिन्ही क्रमांक लिहावेत, आणि गुरू तेगबहादूर नगर स्थानकाच्या बाजूने यावे की वडाळ्याच्या, तेही लिहावे. जुन्या मंडळींसाठी ‘पूर्वीचे कोळीवाडा’ असे जोडले तरी चालेल.

याच वसाहतीत शेजारी तमिळ, पंजाबी, बंगाली असतात. ‘बेबी शॉवर’ म्हटल्याने सर्वांना कळते, म्हणून तो शब्द आला. आमची त्यास हरकत नाही. मात्र पंजाबी शेजारणीला ‘गोदभराई’, तमिळ शेजारणीला ‘वळैकाप्पु’ आणि बंगाली वहिनींना ‘साध’ म्हटले, तर त्या आपल्या घरचे कार्य समजून येतील. तमिळ घरीही त्या दिवशी गर्भवतीच्या हातांत बांगड्याच भरतात.

आता आमचा मसुदा ऐकावा. ‘आमच्या घरी अमुक हिचे डोहाळजेवण अमुक वारी, अमुक तारखेस, सायंकाळी 4 ते 7 या वेळात आहे. तिला व येणाऱ्या बाळाला आशीर्वाद देण्यास सर्व भगिनींनी व घरातील लहानथोरांनी अगत्याने यावे. आपली, दोन्ही घरची मंडळी.’ खाली पत्ता. कुलस्वामिनीचे नाव वर घालावयाचे असेल त्यांनी घालावे.

पत्रिका आठ-दहा दिवस आधी पोहोचावी. भ्रमणध्वनीवर चित्र पाठविले म्हणजे बोलावणे झाले, असे मात्र समजू नये. साठी उलटलेल्या प्रत्येक आत्या-मावशीला तोंडी सांगावे. शेजारच्या बिऱ्हाडांना तर कुयरी घेऊनच जावे. मसुद्याच्या प्रती दाराजवळील टेबलावर ठेविल्या आहेत. ज्यांच्या घरी लवकरच कार्य आहे त्यांनी जाताना एक घ्यावी.